प्रवासातील मोबाइल-चोरी : पूर्वतयारी आणि नंतरचा पहिला तास

प्रवास आणि चोरी यांची सांगड जुनी आहे. पायवाटेच्या व बैलगाडीच्या काळात वाटमाऱ्याचे भय असे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १९४८ साली पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली, आणि प्रवासी जसजसे एका डब्यात, एका गाडीत दाटीने बसू लागले तसतशी वाटमाऱ्याची जागा खिसेकापूने घेतली. खिसेकापू हा गर्दीचा चोर होय. त्याला शस्त्र लागत नाही आणि रात्रीचा अंधारही लागत नाही. माणसाला माणूस चिकटून उभा असला की त्याचे काम भागते. पूर्वी त्याच्या हाती पैशाचे पाकीट लागे आणि प्रवाशाची हानी पाकिटातील रकमेपुरती राही. आज त्याच्या हाती मोबाइल लागतो, आणि हानी कोठे थांबेल हे सांगता येत नाही.

याचे कारण उघड आहे. मोबाइल ही आता केवळ बोलण्याची वस्तू राहिलेली नाही. २०१६ साली यूपीआय पद्धत सुरू झाल्यापासून बँकेचे खाते खिशात आले. शेतकरी ई-पीक पाहणीची नोंद मोबाइलवर करतो, अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकरवर बालकांची वजने भरते, शिक्षकांचे अहवाल, ग्रामसेवकांची छायाचित्रे, सरपंचांचे पत्रव्यवहार सारे त्याच एका यंत्रात असते. अंगणवाडी सेविकेचा फोन गाडीत गेला तर तिचे काही हजार रुपये तर जातातच, शिवाय गावाच्या कामातही खंड पडतो. म्हणून हा विषय केवळ शहरातील नोकरदारांचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

चोरी कशी होते

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे रेल्वेच्या नियोजनातच गृहीत धरावे लागते. या दाटीत शरीराला चहूबाजूंनी स्पर्श होत असतो. अशा वेळी खिशाला झालेला एक हलका स्पर्श वेगळा जाणवत नाही. खिसेकापूचे सारे कौशल्य या एका गोष्टीवर उभे आहे. मोठा स्पर्श लहान स्पर्शाला झाकतो, हे त्याला ठाऊक असते. म्हणून एकजण खांद्याने धक्का देतो, दुसरा पुढे अडून राहतो, तिसरा हात घालतो आणि वस्तू तत्क्षणी चौथ्याकडे जाते. ज्याच्यावर संशय यावा त्याची झडती घेतली तरी त्याच्यापाशी काही सापडत नाही, ते यामुळेच.

चोरीचा क्षणही बहुधा ठरलेला असतो. गाडी चालू असताना, सर्व प्रवासी आपापल्या जागी स्थिर असताना चोरी कमी होते. चढण्याच्या आणि उतरण्याच्या अर्ध्या मिनिटात ती अधिक होते. एस.टी. स्थानकावर गाडी फलाटाला लागते, दाराशी रेटारेटी होते, प्रवाशाच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल असते, डोळे खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेकडे असतात. सदऱ्याच्या वरच्या खिशातील फोन त्या वेळी जणू कोणाच्याच पहाऱ्यात नसतो. गाठोडे उचलण्यास वाकताना तो आपोआप बाहेर डोकावतो. जत्रेच्या व आषाढीच्या दिवसांत, लग्नसराईत आणि आठवडी बाजाराच्या गाड्यांना हाच प्रकार घडतो.

'खिसेकापूंपासून सावध राहा' ही पाटी स्थानकोस्थानी आढळते. ती असावीच, परंतु तिचा एक विनोदी परिणामही आहे. पाटी वाचताच वाचणाऱ्याचा हात नकळत खिशाकडे जातो, आणि फोन कोणत्या खिशात आहे हे पाहणाऱ्याला आयतेच कळते.

मुंबईच्या लोहमार्गावर आणखी एक प्रकार चालतो आणि तो चोरीपेक्षा फार भयंकर आहे. रुळालगतच्या खांबावर किंवा कठड्यावर उभे राहून दारात फोनवर बोलणाऱ्या प्रवाशाच्या हातावर काठीचा तडाखा मारावयाचा आणि खाली पडलेला फोन उचलून पळावयाचे, अशी ही रीत. मुंबईकर तिला 'फटका' म्हणतात. सिग्नलपाशी किंवा स्थानकात शिरताना गाडीचा वेग मंदावतो, ती जागा यासाठी निवडली जाते. तडाख्याने तोल जाऊन अथवा फोन वाचविण्याच्या धडपडीत प्रवासी रुळांवर पडले आहेत, कित्येकांचे हातपाय गेले आहेत आणि काहींनी प्राणही गमावले आहेत. या बाबतीत सल्ला एकच आहे आणि त्याला अपवाद नाही. दारात उभे असताना फोन हातात धरू नये. आणि तो गेलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये.

दक्षता म्हणजे काय

दक्षता म्हणजे सतत डोळे उघडे ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. दिवसभराच्या कामानंतर दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाने अखंड जागरूक राहावे ही अपेक्षा करणे सोपे आहे, पाळणे अशक्य. ज्याला रोज प्रवास करावयाचा आहे त्याचे लक्ष केव्हा ना केव्हा ढळणारच. तेव्हा दक्षतेचा पाया लक्षावर न ठेवता सवयीवर ठेवणे शहाणपणाचे ठरेल. आपल्या आजोबांच्या पिढीने हे फार चांगले ओळखले होते. बंडीला आतून खिसा असे, स्त्रिया पैसे कनवटीला लावीत, आणि ते जागरूकतेचे काम कापडावर सोपवून माणसे गाडीत खुशाल डुलकी घेत. फोनसाठीही हीच रीत धरावी. सदऱ्याचा वरचा खिसा आणि विजारीचा मागचा खिसा प्रवासात वर्ज्य समजावा. फोन आतल्या, चेन लावलेल्या कप्प्यात असावा आणि पाठीवरची पिशवी गर्दीत छातीवर घ्यावी. गाडीत चढताना व उतरताना फोनवर बोलू नये. पूर्वी सांगितलेले अर्धे मिनिट एवढ्याने सांभाळले जाते. खिडकीशी बसून फोन पाहणाऱ्याने गाडी स्थानकावर थांबताना तो आत घ्यावा, कारण गाडी सुटता सुटता फलाटावरून हात घालून फोन हिसकावणे हा नित्याचा प्रकार आहे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. सावधगिरी निराळी आणि संशय निराळा. वेशावरून, भाषेवरून अथवा जातीवरून एखाद्याला चोर ठरविण्याची खोड आपल्या समाजात खोल रुजलेली आहे आणि तिला एके काळी कायद्याचाही आधार होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण मनातून अद्याप पुरता गेलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. तेथे कारण मोबाइलचे नव्हते. पण संशयावरून हात उचलणारा जमाव सर्वत्र सारखाच असतो, आणि स्थानकावर 'चोर, चोर' अशी हाक उठली की तो क्षणात जमतो. पकडलेल्या माणसाला पोलिसांच्या हवाली करणे एवढेच आपले काम आहे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावात ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

निघण्यापूर्वी घरी

फोन चोरीस गेल्यावर किती नुकसान होणार, हे पुष्कळ अंशी आदल्या दिवशीच ठरलेले असते. चोराला दोन वस्तू मिळतात, एक यंत्र आणि दुसरे सिम. यंत्राची किंमत फार तर काही हजार रुपये. सिमचे तसे नाही. पडद्याला कुलूप आहे म्हणून आपण निश्चिंत असतो. पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि मग बँकेचे ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर येऊ लागतात. यावर उपाय फार जुना, फुकट आणि बहुतेकांनी कधीच न वापरलेला असा आहे. सिमला स्वतःचा चार ते आठ आकड्यांचा पिन लावता येतो. सिम दुसऱ्या यंत्रात घातले की ते हा पिन मागते. तीन वेळा चुकल्यास सिम बंद पडते आणि कंपनीकडील पीयूके क्रमांकाशिवाय उघडत नाही. हा पिन फोनच्या सुरक्षेसंबंधीच्या सेटिंगमध्ये लावता येतो. मात्र लावण्यापूर्वी कंपनीने ठेवलेला मूळ पिन माहीत करून घ्यावा, नाहीतर अंदाजाने आकडे घालता घालता आपलेच सिम बंद पडावयाचे.

दुसरी गोष्ट फोनच्या कव्हराची. कव्हराच्या मागच्या कप्प्यात एटीएम कार्ड ठेवण्याची प्रथा अलीकडे फार वाढली आहे. यूपीआयचा नवा पिन तयार करण्यास कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि मोबाइलवर येणारा ओटीपी या बाबी लागतात. कार्ड फोनलाच चिकटलेले असेल, तर कुलूप आणि किल्ली आपण एकाच दोरीत बांधून चोराच्या हाती दिली, असेच म्हणावे लागेल. कार्डाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवणे, पिन 'मामा' किंवा 'गॅस' अशा नावाने संपर्क-यादीत लिहून ठेवणे, हेही त्याच जातीचे. कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसत असेल तर ती सोयही बंद करावी. अन्यथा कुलूप न उघडताच ओटीपी वाचता येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आयएमईआय क्रमांक. प्रत्येक मोबाइल यंत्राला पंधरा आकड्यांचा हा स्वतंत्र क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवर *#०६# असे दाबले की ते पडद्यावर दिसतात. खोक्यावर आणि बहुधा खरेदीच्या पावतीवरही ते छापलेले असतात. चोरीनंतर पोलीस आणि दूरसंचार विभाग दोघेही हाच क्रमांक विचारतात, आणि पुष्कळ तक्रारदारांना तो सांगता येत नाही, कारण तो चोरीस गेलेल्या फोनमध्येच असतो. हे क्रमांक कागदावर लिहून घरात शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावेत आणि पावतीही तेथेच असावी. शिक्षकांनी एखाद्या तासाला विद्यार्थ्यांकडून प्रत्येकाच्या घरातील फोनचे क्रमांक लिहवून घेऊन ते घरीच ठेवण्यास सांगितले, तर एका आठवड्यात सारे गाव या बाबतीत सज्ज होईल. क्रमांक शाळेत गोळा करू नयेत. ते ज्याचे त्याच्याच घरी असावेत.

याशिवाय फोन दुरून शोधण्याची, कुलूपबंद करण्याची आणि त्यातील माहिती पुसण्याची सोय आजच्या बहुतेक फोनमध्ये असते. २०२४ पासून अँड्रॉइड फोनमध्ये हिसका बसल्याचे ओळखून पडदा आपोआप बंद करणारी सोयही आली आहे. या सोयी आधी चालू करून ठेवाव्या लागतात आणि खात्याचा पासवर्ड पाठ असावा लागतो.

पहिला तास

फोन गेल्याचे ध्यानात आल्यावर माणूस प्रथम जागच्या जागी शोधाशोध करतो, मग स्वतःच्या क्रमांकावर फोन लावीत राहतो. चोराने यंत्र केव्हाच बंद केलेले असते. या खटाटोपात मोलाची वीस-पंचवीस मिनिटे जातात. एक-दोनदा फोन लावून पाहावा, आणि मग सहप्रवाशाचा फोन मागून घेऊन पुढील कामांस लागावे. कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. फोन चालू असल्यास प्रथम तो दुरून कुलूपबंद करावा. त्यानंतर लगेच कंपनीला कळवून सिम बंद करवावे. तिसरे काम बँकेचे. यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि कार्ड तिन्ही थांबविण्यास सांगावे व तक्रारीचा क्रमांक टिपून घ्यावा. ग्राहकाने कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिले आहे. म्हणून कळविल्याची वेळ हाच आपला पुरावा. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब सांगावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविली जाण्यापूर्वी अडविण्यासाठीच ही व्यवस्था आहे आणि तेथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

एस.टी.त किंवा शहर बसमध्ये चोरी ध्यानात आल्यास वाहकाला तत्काळ सांगावे; पुढचा थांबा येऊन गर्दी पांगल्यानंतर सांगण्याचा उपयोग नसतो. रेल्वेत १३९ या क्रमांकावर कळविता येते. लांब पल्ल्याच्या गाडीत तिकीट तपासनिसाकडे अथवा गस्तीवरील जवानांकडे तक्रारीचा नमुना मिळतो, तेथेच तो भरून द्यावा. प्रवास मोडून मध्येच उतरण्याची आवश्यकता नाही. गुन्हा नोंदविण्याचे व तपासाचे काम राज्य शासनाच्या लोहमार्ग पोलिसांचे असते, हे ध्यानात ठेवावे. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्राचे व वेगळे.

'हरवला' की 'चोरीस गेला'

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळू. पोलीस ठाण्यात गेलेला तक्रारदार पुष्कळदा 'फोन गहाळ झाला' असा दाखला घेऊन परततो. त्याला नवे सिम हवे असते, कचेरीत जाण्याची घाई असते, न्यायालयाच्या फेऱ्या नको असतात. आणि गहाळ म्हणून लिहून दिले की काम दहा मिनिटांत उरकते. काही ठिकाणी तसे लिहून देण्याचा सल्ला त्याला मिळतही असेल. पण गहाळ वस्तूचा तपास गुन्ह्यासारखा होत नाही. दहा जणांचे फोन एकाच फलाटावर, एकाच वेळी गेले आणि दहाही जणांनी 'हरवला' असे लिहून दिले, तर त्या फलाटावर गुन्हाच घडत नाही असे कागद सांगू लागतो, आणि तेथे गस्त वाढविण्याचे कारण उरत नाही.

कायद्याने तक्रारदाराला पुरेसे बळ दिलेले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू वा किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद याच कलमात आहे. हिसकावून नेण्याचा गुन्हा कलम ३०४ मध्ये प्रथमच स्वतंत्रपणे सांगितला आहे. प्रवाशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे मात्र कलम ३०५ होय. प्रवासी वाहनातून वस्तू चोरल्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा त्यात आहे. जुन्या दंड संहितेतील समान कलम इमारत, तंबू व जहाज यांपुरतेच होते. बस आणि आगगाडी त्यात नव्हती. म्हणून तक्रारीत चोरी गाडीत झाली की फलाटावर, हे स्पष्ट लिहावे.

ठाण्याची हद्द कोणती हा प्रश्न आता तक्रारदाराचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते आणि खबरीची प्रत विनामूल्य मिळते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली खबरही चालते. तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठविता येतो व त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याबरोबर सरपंच किंवा शिक्षक ठाण्यात गेले आणि 'चोरी' हा एक शब्द कागदावर येईल एवढे त्यांनी पाहिले, तरी पुष्कळ झाले.

यंत्र निरुपयोगी करणे

पोलिसांच्या कागदानंतरचे काम दूरसंचार विभागाच्या केंद्रीय नोंदवहीचे आहे. सीईआयआर या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई येथून महाराष्ट्रासाठी सुरू झाली आणि मे २०२३ पासून 'संचार साथी' संकेतस्थळाद्वारे देशभर उपलब्ध झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिचे ॲपही आले. आयएमईआय क्रमांक, पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र देऊन अर्ज केला की तो क्रमांक देशातील सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर बंद होतो. मग त्यात कोणतेही सिम घातले तरी फोन चालत नाही, आणि कोणी घालून पाहिल्यास त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. अर्जासाठी ओटीपी येतो, म्हणून जुन्याच क्रमांकाचे नवे सिम आधी घ्यावे. आपल्या देशाबाहेर नेलेल्या किंवा क्रमांक बदललेल्या यंत्रापुढे ही व्यवस्था दुबळी पडते, हे खरे. त्यासाठीच क्रमांकात फेरफार करणे हा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने गंभीर गुन्हा ठरविला आहे.

चोरीनंतर काही दिवसांनी 'आपला फोन सापडला आहे, येथे दाबा' असा संदेश नव्या फोनवर येतो. तो बहुधा चोराच्या साथीदाराचाच असतो. बंद फोन उघडण्यासाठी त्याला आपला पासवर्ड हवा असतो. अशा दुव्यावर काहीही भरू नये.

चोरीच्या फोनला गिऱ्हाईक आहे म्हणून चोरी आहे, आणि ते गिऱ्हाईक कित्येकदा आपल्यातीलच असते. बाजाराच्या दिवशी, पावतीविना, निम्म्या किमतीत मिळणारा फोन कोठून आला असेल याचा विचार घेणाऱ्याने करावा. चोरीचा माल आहे हे जाणून घेणे कलम ३१७ खाली गुन्हा आहे. जुना फोन घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक संचार साथीवर घालून पाहिला, तर तो बंद केलेला, दुबार किंवा आधीच वापरात असलेला आहे काय हे तेथल्या तेथे कळते.

फोन परत मिळाला तर तो लगेच चालू होईल असे समजू नये. बंद केलेला क्रमांक मालकानेच पुन्हा अर्ज करून उघडून घ्यावा लागतो आणि त्यासाठी पहिल्या अर्जाच्या वेळी मिळालेला विनंती क्रमांक लागतो. तो क्रमांक पोलिसांच्या कागदाबरोबर त्याच शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावा.